गेळफळाची पूड

काळूराम परसात वाकून ओकत होता आणि त्याची बायको केसर दाराआड उभी राहून देवाचे आभार मानत होती. नवरा आजारी पडल्याचा एवढा आनंद साऱ्या कोळीवाड्यात कुणा बाईला झाला नसेल.

दारूबंदीचा कायदा येऊन वर्षं लोटली, तरी हरिहरेश्वरात माडी काही आटली नव्हती. काळूराम पिऊनच होडीवर जाई. त्याचा धाकटा भाऊ भिकू गेल्या शिमग्यात असाच झिंगून गेला, तो परतलाच नाही. तेव्हापासून केसरचा जीव टांगणीला लागला होता. शेवटी शेजारच्या म्हाताऱ्या बायजाने तिला गेळफळाची पूड दिली.

"माडीत घाल, गो. आतडी पिळवटून ओकंल. मंग माडीचा वासबी सोसायचा न्हाय त्याला."

पुडीची चव कळू नये म्हणून केसरने निखाऱ्यावर सुके बोंबील खरपूस भाजले. घरभर वास सुटला. काळूराम बोंबील चावत माडी प्याला आणि थोड्या वेळाने परसात धावला. पुढच्या दोन-तीन सांजांनाही तेच. मग त्याने अंथरूण धरलं आणि माडीचं नाव टाकलं. केसरने काळभैरवाला नारळ फोडला.

पण बरा होऊन तो होडीवर गेला, तो आल्या पावली परतला. जाळ्याला हात लावताच त्याला मळमळून आलं होतं. दारात वाळणारी सुकट सोसेना. केसर जवळ आली तर तिच्या लुगड्याचा वासही सोसेना. मळमळीची गाठ कशाशी मारायची, हे मेंदू कुणाला विचारत नाही. काळूरामच्या मेंदूने माडीला सोडलं होतं आणि त्या बोंबलांपायी मासळीला धरलं होतं. मासळीवर जगणाऱ्या घरात! सांगावं तर नवरा जीव घेईल, गप्प बसावं तर चूल विझेल. केसर रोज मुकाट भात शिजवी आणि मनातल्या मनात रडे.

एके सकाळी काळूराम खांद्यावर जाळं टाकून निघाला. चेहरा खुललेला.

"अवो, बरं वाटतंय?" केसरने विचारलं.

"व्हय गो, इलाज गावला." तो तिच्या कानाशी वाकला. माडीचा भपकारा आला. "ही पोटात असली, की म्हावऱ्याचा वासच येत न्हाय. आता हिच्याबिगर होडीत पायच ठेवायचा न्हाय."