सम्राज्ञीची डावी बाजू

सुभेदाराची बायको रोमहून आली होती आणि आज सक्रिलाबाईंकडे जेवायला येणार होती. ही पाहुणी म्हणे सम्राज्ञीच्या मांडीला मांडी लावून बसणारी. सक्रिलाबाईंनी चांदीचं नवं नाणं दासी निकेच्या हातावर ठेवलं. "याच्यावर सम्राज्ञीचे केस आहेत ना, तस्सेच बांध माझे. गावातल्या बायका जळून खाक झाल्या पाहिजेत."

निकेनं उजवीकडच्या वेण्या, बटा, मोत्यांचा सर, सगळं हुबेहूब साधलं आणि हात थांबवले.

"झोप लागली का गं?"

"बाईसाहेब, नाण्यावर डावी बाजूच नाही."

बाईंनी नाणं उलटं केलं. मागे कणसं घेतलेली देवी उभी, तीही डोक्यावरून पदर घेऊन. "हिला मेलीला इथंच लाज आली," बाई फणकारल्या. शेवटी डावीकडे नुसती गाठ मारून घेतली आणि डावा गाल भिंतीकडे करून कोपऱ्यातल्या आसनावर जाऊन बसल्या. मान वळली की अब्रू गेली.

तेवढ्यात पाहुणी आली. उजवा गाल पुढे धरून, खेकड्यासारखी आडवी चालत ती थेट कोपऱ्याशी येऊन थांबली.

"जरा सरकता का, बाई? मला भिंतीकडेच बसायची सवय आहे."