मास्तरांची जोडी

आतल्या खोलीतला खोकला एकदम थांबला, तसे वकीलसाहेब खुर्चीत पुढे सरकले. सकाळपासून तो आवाज ऐकवत नव्हता. आता येत नव्हता, तर तेही सोसवेना.

"वहिनी, झोपला का मास्तर?"

"डोळा लागलाय," मास्तरांची बायको दाराला पाठ टेकून म्हणाली. तिच्या हातात पाण्याचा पेला होता.

मास्तर सरकार पक्षाचे, वकीलसाहेब विरोधी पक्षाचे. सभागृहात एकमेकांची सालटी काढायची आणि बाहेर आल्यावर एका टेबलावर जेवायचं, हा दोघांचा जुना शिरस्ता. आज सरकारवरच्या विश्वासाचं मतदान होतं. विरोधकांकडे जेमतेम एक मत जास्त होतं. मतं समसमान पडली तर निकाल अध्यक्षांनी द्यायचा, आणि अध्यक्ष तर सरकारच्या खिशात. नेमकं अशा दिवशी मास्तरांनी अंथरूण धरलं.

त्या सभागृहात जोडी लावायची पद्धत होती. एका बाजूचा सदस्य आजारी पडला की दुसऱ्या बाजूच्या एकाने त्याच्यासाठी गैरहजर राहायचं, म्हणजे कुणाच्या दुखण्याचा फायदा कुणाला नको. लेखी काही नाही, नुसता शब्द. वकीलसाहेबांनी तो आपणहून दिला होता. दोघंही नसले तरी विरोधकांचं एक मत वरचढ राहतच होतं. त्यांच्या नेत्याने कपाळाला आठ्या घातल्या, पण अडवलं नाही.

सकाळी मास्तरांनी त्यांचा हात घट्ट धरून ठेवला होता. "इथेच थांब रे. मला भीती वाटते." सभा गाजवणारा माणूस, आणि आवाज असा खोल गेलेला. वकीलसाहेबांना भडभडून आलं होतं.

मग डॉक्टर दोन मदतनीस घेऊन आले आणि वकीलसाहेबांची रवानगी बाहेरच्या खोलीत झाली. तेव्हापासून ते बंद दाराकडे बघत होते.

मागच्या गल्लीत रुग्णवाहिका सुरू झाली. भोंगा न वाजवता, सावकाश निघून गेली. घाई उरली नाही म्हणजे आशाही उरली नाही, असं त्यांच्या मनात आलं.

फोन वाजला. नेता होता.

"आपला एक जण कुंपणावर बसलाय, वकीलसाहेब. मास्तरांचं काही बरंवाईट झालं असेल तर तुमचा शब्दही संपला. दार उघडून बघा आणि निघा."

ते उठले. वहिनी दारापासून हलल्या नाहीत.

"भाऊजी, पाया पडते तुमच्या. मतदान होईपर्यंत आत जाऊ नका."

तेव्हा त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वरून हुकूम असणार. मतदान उरकेपर्यंत हूं की चूं करायचं नाही. नवरा आत पडलाय आणि या बाईला मोकळं रडायचीही चोरी. त्यांना सगळ्या राजकारणाची शिसारी आली, स्वतःच्याही. आणि खरं सांगायचं तर दार उघडून तो चेहरा बघायची त्यांची हिंमतच नव्हती.

"नाही जात," ते म्हणाले. "बसा तुम्ही. मीही बसतो."

वहिनी बसल्या आणि पदरात तोंड खुपसून हमसून हमसून रडायला लागल्या. "मला माफ करा, भाऊजी. मी नको नको म्हणत होते हो."

"तुमचा काय दोष त्यात?" वकीलसाहेबांनी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. स्वतःचे डोळे त्यांनी बाहीने पुसले.

पुन्हा फोन वाजला. पलीकडे नुसता गलका होता. नेत्याला बोलू न देता वकीलसाहेबच म्हणाले, "मी येणार नाही. मास्तर वारला. सरकार राहो नाहीतर पडो, आज मी त्याच्या घरातून हलत नाही."

"वारला?" नेता ओरडला. "अहो, तो इथे चाकाच्या खुर्चीत बसून हात वर करतोय, आणि मतं समसमान झालीत!"