आधीच दिलेला नंबर

ब्लूमफाँटेनमधल्या आमच्या गल्लीत माझ्या शेजारणीनं, केनिलवेनं, आपोआप उघडणारं फाटक बसवलं, त्या दुपारी मी तिथंच होते. तुमिसांग मिस्त्रीनं नंबर दाबायचं नवं कोरं यंत्र आमच्यासमोर खोक्यातून काढून खांबावर बसवलं.

“मावशी, आता चार आकडी नंबर दाबा. दुसऱ्या कुणाला सुचणार नाही असा.”

केनिलवेनं क्षणभर थांबून चार बटणं दाबली. यंत्र तीनदा वाजलं.

“हा नंबर आधीच कुणाला तरी दिलाय म्हणतंय,” तुमिसांग गोंधळून म्हणाला.

“अरे, खोकं आत्ता फोडलंस ना? की कुणाचं जुनं माझ्या गळ्यात मारतोयस?”

त्यानं हसत सगळी मेमरी पुसली. मी सहज मनातला एक नंबर दाबला, तो यंत्रानं लगेच घेतला. केनिलवेनं पुन्हा आपला दाबला. पुन्हा तीनदा वाजलं.

“कसला नंबर आहे गं?” मी विचारलं.

तिचा चेहरा उतरला. “माझ्या पहिल्या मुलीची जन्मतारीख. एकच दिवस जगली. लग्नाआधीची गोष्ट, कुणालाच ठाऊक नाही.”

तेवढ्यात फाटक सरकत उघडलं. रस्त्यावर कुणीच नव्हतं. तुमिसांगनं बंद करायचं बटण दाबलं, पण फाटक हललं नाही. त्याच्यावरचा लाल दिवा लागला होता.

“मध्ये कुणी उभं असलं की हा दिवा लागतो, मग फाटक बंद होत नाही,” तो हळूच म्हणाला.

आम्ही तिघंही बाजूला, खांबापाशी होतो.

केनिलवे त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली. मग हात पुढे करून म्हणाली, “ये, आत ये.”

लाल दिवा विझला, आणि फाटक बंद होऊ लागलं.