जुन्या पिकअपचा आकडा

"अकराशे. त्याच्यावर एक किलो ओढणार नाही ही गाडी," थोरला म्हणाला आणि हात पुसायला फडकं शोधू लागला. हात स्वच्छच होते.

धाकट्याने गॅरेजच्या शेडबाहेर उभ्या असलेल्या आपल्या पिकअपकडे पाहिलं. मागे ट्रेलर जोडलेला. सामानासकट तो आठशेच्या घरात जाणार होता. बाबांची लेथ, लोखंड कातायचं मशीन, सातशे किलोची. हे गणित शाळकरी पोरालाही जमलं असतं.

"म्हणजे लेथ नाही नेता येणार."

"उतारावर ब्रेक दगा देतील. शिवाय रस्त्यात अडवून वजन केलं तर गाडी जप्त. कायदा म्हणजे कायदा. नेऊ नंतर कधीतरी."

"बरं, दादा," धाकटा म्हणाला. तो भांडला असता तर थोरल्याला बरं वाटलं असतं.

लेथ धाकट्याची होती. डोळे मिटण्यापूर्वी बाबांनी दोघांना समोर बसवून तसं सांगितलं होतं. दुसऱ्या गावी तो स्वतःचं वर्कशॉप टाकणार होता, आणि लेथशिवाय वर्कशॉप म्हणजे नुसती भाड्याची खोली. थोरल्याला हे कळत नव्हतं थोडंच! पण ज्या मशीनच्या घरघरीत जन्म गेला, ते कोपऱ्यातून उचललं जाणार म्हटल्यावर त्याच्या तोंडून खोटा आकडा निघून गेला.

आणि तो पकडणार तरी कोण? गाडीच्या दारातली वजनाची पाटी केव्हाच गंजून गेली होती. एवढ्या जुन्या गाड्यांचे आकडे आता थोरल्याच्या डोक्यातच उरले होते, आणि त्याचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. जास्त भरलेला ट्रेलर त्याने कधी फाटकाबाहेर जाऊ दिला नव्हता, मग गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो. लहानपणी धाकट्याकडूनही त्याने हे आकडे पाठ करून घेतले होते. चुकला की टपली. पण ते कार्टं कुठे लक्ष द्यायचं!

वहिनी प्रवासाचा डबा घेऊन आली. "खरंच नाही ओढणार?" तिने नवऱ्याला हळूच विचारलं.

"मग मी काय खोटं सांगतोय?" थोरला खेकसला. तिने तसं म्हटलंही नव्हतं. चोराच्या मनात चांदणं. ती डबा ठेवून आत गेली आणि त्याला आणखीनच लाज वाटली.

धाकट्याने सामान भरलं, वरून ताडपत्री बांधली. "दादा, हुक एकदा बघून दे. तू बघितलंस की मी बिनघोर."

थोरला वाकला. हुक चांगला होता. पण त्याला मान वर करवेना.

तेवढ्यात फाटकातून एक गवंडी आपली पिकअप घेऊन आत आला. तेच मॉडेल, तोच गंज. "मालक, मिक्सर ओढायचाय. वजन केलंय, तेराशे भरलं. ओढेल ना? तुम्ही म्हणाल ते खरं."

थोरला कात्रीत सापडला. हो म्हणावं तर धाकटा शेजारीच उभा. नाही म्हणावं तर या बिचाऱ्याचं काम अडणार. एक खोटं झाकायला दुसरं बोलायचं, आणि तेही गाडीच्या आकड्यात! उद्या मग त्याच्या शब्दावर कुणी कशाला गाडी उतारावर घालावी? त्याला स्वतःची किळस आली.

"ओढेल," तो म्हणाला. मग गवंड्याकडे पाठ करून तो धाकट्याकडे वळला. "सोळाशे ओढते ही गाडी. तुझीही. सकाळी मी खोटं बोललो."

गवंडी बावरून दोघांकडे पाहत राहिला.

धाकट्याने ताडपत्री सोडली. पुढे कपड्यांची बोचकी होती, मागे हत्यारांच्या पेट्या. मधे, बरोब्बर चाकांच्या वर, जिथे सगळ्यात जड वस्तू ठेवायला थोरल्यानेच त्याला शिकवलं होतं, तिथे काहीच नव्हतं. नुसते बांधायचे पट्टे उघडे पसरून ठेवले होते.

"टपल्या विसरलो नाही मी," धाकटा म्हणाला. "चेनपुली आण, दादा. केव्हाची जागा धरून बसलोय."