कंडक्टरचा पट्टा

तोल सावरणाऱ्या पट्ट्याने आज पुन्हा उलटा धक्का दिला. कंडक्टर नुसते उभे राहून दात घासत होते. कमरेवरची मोटर गुरगुरली, डाव्या कुशीला रेटा बसला आणि ते उजवीकडे ढकलले गेले. बेसिन हाताशी होतं म्हणून निभावलं.

धावत्या बसमध्ये कशालाही न धरता जन्मभर तिकिटं फाडलेला माणूस! आता घरच्या फरशीवर उभं राहायला यंत्र लागत होतं. आईकडून वारशात घर नाही, दागिना नाही, हे तोल जाण्याचं दुखणं तेवढं मिळालं, असं ते पूर्वी हसत सांगायचे. हल्ली हसू येत नसे. डॉक्टरांनी मुलीला स्पष्टच बजावलं होतं, पुन्हा पडले तर घरी ठेवू नका.

मुलगी औषधांच्या दुकानात कामाला गेली, तसं त्यांनी पट्टा दुरुस्त करणाऱ्याला बोलावून घेतलं. त्याने पट्टा लॅपटॉपला जोडून पाहिला.

"काका, पट्टा ठणठणीत आहे. माणूस जसा कलतो तसा हा शिकत जातो. डावीकडे पडणाऱ्याला सावरायला शिकलाय."

"अहो, पण मी उजवीकडे पडतो!"

"मग याला कुणीतरी भलतंच शिकवलंय. दुसरं कुणी घालतं का?"

"छे," कंडक्टर म्हणाले. पण शंकेची पाल चुकचुकलीच.

घरात माणसं दोनच. दुपारी झोपताना ते पट्टा काढून ठेवत, आणि उठून बांधताना तो कोमट लागे. मुलगी हल्ली दुपारीच घरी परतायची. "गर्दी नव्हती," म्हणायची. तसा चेहरा कंडक्टरांनी हजार वेळा पाहिला होता, फुकट्या प्रवाशाचा. शिवाय परवा तिने सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, "बाबा, वृद्धाश्रमात नीट सांभाळतात का हो?"

पाणी कुठे मुरतंय ते त्यांना कळलं. ही पट्टा घालून मुद्दाम डावीकडे कलते, त्याला उलटं शिकवते. बाप पडला की घर मोकळं! पोटच्या पोरीबद्दल असा विचार करताना त्यांना लाज वाटली, रडूही आलं. पण संशय काही हटेना.

त्या दुपारी ते डोळे मिटून पडून राहिले. मुलगी आली. पट्ट्याची कडी खट्कन लागली. मग मोटरची गुरगुर स्वयंपाकघराकडे गेली.

भिंत धरत धरत, दोनदा झोकांडी खात, ते दारापर्यंत पोचले. मुलगी ओट्याशी पाठमोरी उभी राहून कांदा चिरत होती. कमरेला त्यांचाच पट्टा.

"सापडलीस!" ते ओरडले. "केसाने गळा कापतेस होय बापाचा?"

सुरी थांबली. तिने मान वळवली नाही.

"झोपला नाहीत, बाबा?"

"मला पाडायला निघालीस? काढ तो पट्टा! आत्ताच्या आत्ता!"

तिने सुरी बाजूला ठेवली. दोन्ही हातांनी ओटा घट्ट धरला.

"काढते," ती हळूच म्हणाली. "पण आधी इकडे या, आणि मला डावीकडून धरा."