डॉक्टरांचा बुधवार

"आता आणता का रे याले? आता?"

डॉ. प्रफुल नन्नावरे तोंडाने ओरडत होता आणि हाताने शीर शोधत होता. टेबलावर चार वर्षांचा राजदीप. अंग तव्यासारखं तापलेलं, डोळे वर गेलेले, दातखीळ बसलेली. मलेरिया डोक्यात चढला होता. उशाशी पोराची आई रीना उभी होती, दाराशी आजोबा झिंगू. झिंगू गावाचा वडीलधारा. तो बोलला की गाव हलायचं आणि तो थांबला की थांबायचं.

"झटके कधीपासून?"

"काल दुपारपासून," रीना म्हणाली.

काल म्हणजे बुधवार. प्रफुलने सुई टोचली, सलाईन लावलं, ऑक्सिजन लावला. हात आज अजिबात थरथरत नव्हते.

गेलं वर्षभर ते थरथरायचे. गडचिरोलीच्या या जंगलात त्याला सहा वर्षं झाली होती, आणि दुसऱ्या डॉक्टरची जागा सहाही वर्षं रिकामीच होती. दिवसभर रांग, रात्री बाळंतपण, मध्येच कोणाला साप चावलेला. चिमूरला घरी जायचं म्हटलं तरी सुट्टीचा अर्ज परत यायचा. माणूस पार आंबून गेला होता. पावसाळ्याच्या तोंडावर त्याने एका म्हातारीला गोळ्या दुप्पट लिहून दिल्या. साधना सिस्टरच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. त्या दिवशी प्रफुलला स्वतःचीच भीती वाटली.

मग तो ग्रामसभेत उभा राहिला. हात जोडून म्हणाला, "आठवड्यातला एक दिवस मले द्या. बुधवारी मले कोणी उठवू नका." बुधवारी साधना सिस्टर लस घेऊन गावोगाव जायची, दवाखाना तसाही ओस असायचा. अडलंनडलं तर या, हे म्हणायला हवं होतं. ते त्याच्या ओठांवर आलंही होतं. पण म्हटलं असतं तर यांचं अडलंनडलं रोजच निघालं असतं, म्हणून त्याने ते गिळलं.

पेरणीआधी गाव एक दिवस पाळतं. त्या दिवशी नांगर धरायचा नाही, कुऱ्हाड उचलायची नाही. मोडेल त्याला गाव दंड करतं. झिंगूने तिथल्या तिथे सांगून टाकलं, डॉक्टरचा बुधवार तसाच पाळायचा.

आणि काय सांगावं बाप्पा, खरंच पाळला! सात बुधवार दाराची कडी वाजली नाही. पहिल्या बुधवारी प्रफुल दचकून चारदा उठला. तिसऱ्या बुधवारी त्याला भूक लागली, चांगली कडकडून लागली. बायको रंजीता फोनवर म्हणाली, "आज तुमचा आवाज माणसासारखा येऊन राह्यला." काल तर तो दुपारी जेवून दवाखान्यामागच्या खोलीत जो आडवा झाला, तो दिवेलागणीलाच उठला. इतकी गाढ झोप त्याला सहा वर्षांत लागली नव्हती.

सकाळी पावणेआठला राजदीपचा श्वास थांबला. प्रफुलने अर्धा तास छाती दाबली. शेवटी साधना सिस्टरने त्याचा हात धरला.

तो झिंगूकडे वळला. दुःखाचा पार संताप झाला होता. "काल दुपारी आणलं असतं तर पोरगं वाचलं असतं, झिंगूभाऊ! काऊन नाई आणलं? घरी बसून काय केलं तुमी?"

झिंगू नातवाच्या पायांकडे बघत राहिला. "घरी नव्हतो, डॉक्टर. काल दुपारीच इथं तुमच्या दाराशी आलो. पण तुमचा बुधवार होता. मीच गावाले सांगतलं, मग मीच कसा मोडू?"

रीनाने पोराच्या अंगावर लुगड्याचा पदर ओढला आणि डॉक्टरचीच समजूत घालावी तशी हळू म्हणाली,

"पोरगं लय रडत होतं, सायेब. तुमची झोप मोडन म्हणून मंग आमी त्याले नाल्यापल्याड नेऊन बसलो."