कृतज्ञतेचं एक मिनिट

सव्वाचारला स्वरूपा बाळाला खांद्यावर टाकून तिसऱ्यांदा जिना उतरली, तरी जयेश अजून भिंतीचे आभारच मानत होता. डायनिंग टेबलापाशी ताठ उभा, हातात चिठ्ठी.

"आय अ‍ॅम ग्रेटफुल टु माय टीम…" तो अडखळला. "ग्रेटफुल म्हणू की थँकफुल गं?"

"काहीही म्हण. चार वाजल्यापासून बाळाला तू घेणार होतास."

"दोनच मिनिटं. पाचला कॉल आहे. जानेवारीत मला पर्मनंट करायचं की नाही, ते मार्गारेट ठरवणार आहे, माहितीये ना?"

मार्गारेट बॉस्टनला असायची. तिकडे अमेरिकेत उद्या थँक्सगिव्हिंग, आभार मानायचा सण, म्हणून आज इकडे आयर्लंडमध्ये गॉलवेच्या कारखान्यातल्या सगळ्यांनी बायकापोरांसकट कॅमेऱ्यासमोर बसायचं आणि प्रत्येक कुटुंबाने एक मिनिट कृतज्ञता व्यक्त करायची, असं फर्मान निघालं होतं. लॉकडाऊनमध्ये माणसांची मनं प्रसन्न राहावीत म्हणून.

स्वरूपाचं मन प्रसन्न करायला बॉस्टनने एवढी तसदी घ्यायची काही गरज नव्हती. तिला फक्त डोक्यावरून न्हायचं होतं. बाळ दोन महिन्यांचं. बाळंतपणाला येणारी आई विमानांच्या गोंधळात नाशिकलाच अडकली, आणि तिकडूनच रोज फोनवर तिचं न्हाऊमाखू चाललेलं. आईच्याच हट्टापायी स्वरूपाने सकाळी वाटीभर खोबरेल डोक्यावर थापलं होतं. विजेवर पाणी तापवणारा शॉवर बिघडला होता आणि घरमालकाचा प्लंबर गेला आठवडाभर 'उद्या' येत होता. म्हणून तीन वाजता तिने वरच्या मजल्यावरच्या कपाटातलं इमर्शनचं, म्हणजे पाण्याच्या टाकीच्या हीटरचं, बटण दाबलं. टाकी तापायला तास लागतो. टाकीभर गरम पाणी आणि अर्धा तास, एवढंच तिने मागितलं होतं. जयेशला दोनदा सांगितलं होतं, आणि दोन्ही वेळा तो "हो हो" म्हणाला होता.

बाळाने भोकाड पसरलं. ती वर गेली आणि दार लोटून पाजायला बसली. तेल ओघळून मानेवर आलं होतं, डोकं नुसतं खाजत होतं. खालून भांड्यांचा खडखडाट ऐकू येत होता. पाच वर्षांची अनुष्का काहीतरी पसरत असणार, पण आता उठून बघायचं त्राण तिच्यात नव्हतं.

चार चाळीसला बाळ झोपलं. स्वरूपा टॉवेल घेऊन अक्षरशः पळाली. नळ सोडला, खाली हात धरला. पाणी कोमट होतं. मग गार. मग बर्फासारखं.

ती खाली आली. स्वयंपाकघर लखलखत होतं. सकाळचा कुकर, करपलेल्या दुधाचं पातेलं, कढई, तवा, झाडून सगळी भांडी घासून ओट्यावर पालथी घातलेली. इथली माणसं टबात पाणी घेऊन भांडी बुडवतात. जयेशला मात्र वाहत्या धारेखाली धुतल्याशिवाय भांडं स्वच्छ झाल्यासारखं वाटत नाही. आणि घरातल्या डिशवॉशरमध्ये तर ते तांदूळ ठेवत.

"सरप्राइज!" जयेश बाह्या खाली करत म्हणाला. "म्हटलं, नुसतं बोलून काय होतंय? आज काहीतरी करून दाखवू."

"आय हेल्प्ड, मम्मा!" स्टुलावर उभी असलेली अनुष्का ओल्या हातांनी टाळ्या वाजवत होती. "द वॉटर वॉज लव्हली अँड वॉर्म!"

स्वरूपाला रडू फुटायचंच बाकी होतं. ओरडावं तर कशावरून? भांडी घासली म्हणून नवऱ्यावर ओरडणारी बाई जगात कुठे सापडेल?

"थँक यू तरी म्हण," जयेश हसत म्हणाला.

"जयेश, टाकीतलं…"

तेवढ्यात लॅपटॉप वाजला. पाचला पाच मिनिटं कमी होती. जयेशने घाईघाईने केसांवरून हात फिरवला, मग तिच्याकडे बघितलं. "डोक्याला काहीतरी बांधतेस का गं? कॅमेऱ्यात फारच तेलकट दिसतंय."

तिने खुंटीवरची त्याची लोकरी टोपी काढली, गोंडा असलेली, आणि कानापर्यंत ओढून घेतली.

पडद्यावर अठरा चौकोन. कुणाचं कुत्रं, कुणाची आजी, कुणाच्या हातात चहाचा मग. जयेशची पाळी आली आणि त्याने टीमचे आभार मानले, मार्गारेटचे मानले, मग स्वरूपाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अँड माय वाइफ. शी इज माय स्ट्रेंग्थ." चौकोनाचौकोनांतून लाल बदाम उडाले.

"अँड यू, स्वारूपा?" मार्गारेट गोड हसली. "व्हॉट आर यू थँकफुल फॉर?"

जयेशने टेबलाखालून तिच्या पायाला हळूच पाय लावला. हेल्थ म्हण, फॅमिली म्हण, असं ते सुचवणं होतं. टोपीखालून तेलाचा एक थेंब तिच्या कानामागे घरंगळला. तिने तो पुसला नाही.

"हॉट वॉटर," स्वरूपा म्हणाली.

मार्गारेटने छातीवर हात ठेवला. "ओह, दॅट इज सो ब्यूटिफुल. सो हम्बल." कुत्रेवाला मान डोलावू लागला. कुणाच्या तरी आजीने डोळे पुसले.

जयेशचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं. त्याने ओट्यावरच्या चकचकीत भांड्यांकडे पाहिलं, मग तिच्या टोपीकडे. आणि मग हळूच, कॅमेऱ्याचंही भान न ठेवता, वर छताकडे, ज्याच्या वरच्या मजल्यावर ती टाकी होती.